पहिली भाषा कोणाची?

जँगो या वेब ॲप्लिकेशन बांधायच्या तयार चौकटीत नवं प्रोजेक्ट सुरू केलं की सेटिंग्जची एक फाईल आपोआप तयार होते. तिच्यात दोन ओळी शेजारीशेजारी असतात. वरची भाषेची: 'एन-यूएस', म्हणजे अमेरिकी इंग्रजी. खालची वेळेची: 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. खालची ओळ आम्ही सगळे पहिल्याच दिवशी बदलतो, तिथे 'एशिया/कोलकाता' टाकतो. ती विसरली तर काय होतं ते दूध संस्थेच्या ॲपमधल्या हिशेबात लगेच दिसतं. यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे, त्यामुळे पहाटे पाचला घातलेलं दूध आदल्या तारखेला जमा होतं आणि सातच्या आत संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन येतो. वरची ओळ मात्र तशीच राहते. माझ्याकडून ती सहा वर्षं तशीच राहिली. त्या ओळीबद्दल कधी कोणाचा फोन आला नाही. जिला तिचा त्रास होत होता, ती मला फोन करणाऱ्यांपैकी नव्हती.

यात जँगोला दोष देण्यासारखं काही नाही. तो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला. तिथल्या लोकांनी त्यांची भाषा लिहून ठेवली. अशाच दुसऱ्या चौकटी, लाराव्हेल घ्या, रेल्स घ्या, तिथेही 'एन', म्हणजे इंग्रजीच आहे. सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतंच. प्रश्न आपला आहे. घड्याळ आपलं लावून घ्यायचं आपल्याला सुचतं आणि भाषा लावून घ्यायचं सुचत नाही.

माझ्या डोक्यात हा प्रश्न एका संध्याकाळी शिरला. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेसाठी मी छोटं वेब ॲप्लिकेशन केलं होतं. मोबाईल नंबर टाकला की आजचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल दिसायचं. बस्स, एवढंच. मराठी त्यात होतं. तीन रेघांवर बोट ठेवायचं, मग सेटिंग्ज, मग लँग्वेज, मग मराठी. मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळच्या दुधाच्या वेळी केंद्रावर जाऊन बसले, लोक कसं वापरतात ते बघायला.

एक आक्का किटली ठेवून बाजूला आल्या. दोन गाई, बिल त्यांच्याच नावावर. फोन त्यांचा स्वतःचा. ॲप उघडलं आणि 'नोंद यशस्वीरीत्या झाली आहे' अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी वाक्य समोर आलं. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं, वरच्या शब्दांकडे पाहिलं आणि फोन पदराखाली ठेवून दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरगं शाळंतनं आलं की बघंल. त्याला समदं कळतंय." मी फोन हातात घेऊन मराठी लावून दिलं. त्यांनी एकेक ओळ वाचली. पशुखाद्याची कपात किती झाली तिथे थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं बाई."

आक्का चौथी शिकलेल्या. मराठी वर्तमानपत्र वाचतात, भजनाची वही स्वतः लिहितात. त्यांचा हिशेब त्यांना वाचता येत होता. माझ्या पहिल्या पडद्यामुळे तो नातवाच्या हातात गेला. घरातल्या बाईच्या दुधाचे पैसे किती आले, किती कापले, हे तिच्या आधी दुसऱ्याला कळणं ही लहान गोष्ट नाही.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. ॲप उघडल्यावर पहिली भाषा कोणती असावी? जिला दुसऱ्या भाषेतून वाट काढता येत नाही, तिची. इंग्रजी वाचणारा मराठी माणूस मराठी पडद्यावर अडकत नाही, कोपऱ्यातलं इंग्रजीचं बटण त्याला दोन सेकंदात सापडतं. इंग्रजी न वाचणारी बाई मात्र 'सेटिंग्ज'पर्यंतच पोहोचत नाही, कारण 'सेटिंग्ज' हा शब्दच इंग्रजीत लिहिलेला असतो. भाषा बदलायची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवलेली असते. ज्याला बदलणं सोपं आहे त्यानेच बदलावं. दोन्ही भाषा दिल्या म्हणजे न्याय झाला असं आपण समजतो, पण दोघांपैकी कोणाला आधी दुसऱ्याची मदत मागावी लागते हे पाहिल्याशिवाय तो होत नाही.

यावर माझ्या धंद्यातले मित्र पहिली गोष्ट सांगतात ती अशी: "आपण कशाला ठरवायचं? ब्राउझरच सांगतो." खरं आहे, सांगतो. प्रत्येक पान मागताना ब्राउझर 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' नावाची एक ओळ सोबत पाठवतो. माणसाला कोणत्या भाषा हव्यात, कोणत्या क्रमाने, ते तिच्यात असतं. पण आक्कांच्या फोनमधली ती ओळ लिहिली कोणी? मोबाईलच्या दुकानातल्या मुलाने. त्याने खोकं फोडलं, सिम घातलं, इंग्रजी निवडलं, भराभर 'नेक्स्ट' दाबत गेला आणि फोन हातात दिला. त्या ओळीत आक्कांची इच्छा कुठेच नाही, त्या मुलाची सवय आहे. आणि इथे एक तांत्रिक खोच आहे, ती सांगून ठेवते, कारण मी स्वतः तिच्यावर आपटले. जँगोचं भाषा ओळखणारं मिडलवेअर, म्हणजे पान दाखवण्याआधी मधे चालणारा कोड, चालू असेल तर आधी पानाचा पत्ता बघितला जातो, मग कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये जपून ठेवलेली आधीची निवड, मग ब्राउझरची ही ओळ, आणि सगळ्यात शेवटी सेटिंग्जमधली भाषा. म्हणजे मी फाईलमध्ये 'एमआर', म्हणजे मराठी, लिहिलं तरी दुकानातल्या त्या मुलाचंच चाललं. ब्राउझरची पायरी काढून टाकावी लागली. आता माणसाने स्वतः बटण दाबलं तरच भाषा बदलते, नाहीतर मराठी.

ब्राउझरवर विश्वास ठेवणं जगभर पसरलेल्या कंपन्यांना भागच आहे. समोर कोण आहे ते त्यांना कळत नाही, मग त्या अंदाज बांधतात. आम्हाला कळतं. दूध संस्थेचे सभासद कोण, गावातल्या पाणीपट्टीची पावती कोण बघणार, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, हे छोटं ॲप बनवणाऱ्याला नावानिशी माहीत असतं. सभासदांची यादी समोर असताना अंदाज कशाला बांधायचा? छोटं असण्याचा हा फायदा आपण हातचा घालवतो आणि मोठ्यांची अडचण आपलीच असल्यासारखे वागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "मराठी ठेवलं तरी लोक वापरत नाहीत. आकडे बघ, शंभरातले चार जण मराठीवर जातात." असे आकडे मीही पाहिलेत आणि ते खोटे नसतात. पण ते इच्छा मोजत नाहीत. आधी काय लावून ठेवलं होतं ते मोजतात. 2003 साली जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीची तुलना केली होती. जर्मनीत संमती आपणहून नोंदवावी लागायची, तिथे ती 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नको असेल तर कळवायचं, तिथे 99.98 टक्के. भाषा एक, संस्कृती जवळची, फरक फक्त फॉर्म आधी कसा लावून ठेवला होता याचा. अवयवदानासारख्या बाबतीत माणसं समोर आलेलं तसंच राहू देत असतील, तर दुधाच्या पावतीची भाषा कोण उकरून बदलणार?

आणि एक कबूल केलं पाहिजे. जे मराठीवर गेले त्यातले कितीतरी परत इंग्रजीवर आले, ते आमच्या मराठीमुळे. 'सत्यापित करा', 'प्रविष्ट करा', 'अवैध वापरकर्तानाव', 'सत्र कालबाह्य झाले आहे'. ही कोणाची भाषा आहे? निम्मी हिंदी परिपत्रकातली, निम्मी शब्दकोशातली. केंद्रावर असं कोणी बोलत नाही. 'मोबाईल नंबर चुकलाय, पुन्हा टाका' हे मराठी आहे. 'बराच वेळ झाला म्हणून बंद केलं, परत नंबर टाका' हे मराठी आहे. फॅटला 'स्निग्धांश' लिहिलं की सभासद विचारतात हे काय नवीन. फॅटला फॅट म्हणायचं, ओटीपीला ओटीपी. मराठीत रुळलेला शब्द मराठीच असतो.

असं अवघडलेलं मराठी का येतं याचं उत्तरही सेटिंग्जमधल्या त्या भाषेच्या ओळीत आहे. इंग्रजी ही मूळ भाषा धरली की मराठी कायम तिच्या मागे फरफटत येतं. नवं बटण आधी इंग्रजीत येतं, 'मराठी नंतर टाकू' म्हणतात, आणि ते नंतर येत नाही. अनुवाद नसला की चौकट गुपचूप इंग्रजी दाखवते, आणि बनवणारी इंग्रजीतच चाचणी करत असते, त्यामुळे तिच्या लक्षातही येत नाही. काही चुकलं की दिसणारे संदेश तर सगळ्यात शेवटी उरतात. पैसे भरताना मधेच अडकलं, तेव्हा नेमकं काय झालं ते सांगणारं वाक्य इंग्रजीत. ज्या क्षणी भाषा सगळ्यात जास्त लागते तिथेच ती पाठ फिरवते. मी मराठी पहिली केली तेव्हा अशी सतरा वाक्यं एका दिवसात माझ्या डोळ्यांत खुपली. ती वर्षभर तिथेच होती.

याहून खोल गोष्ट वाक्याच्या बांधणीची आहे. इंग्रजीत 'हवामान, अमुक गावात' असं लिहून गावाची जागा रिकामी सोडली की झालं, कुठलंही नाव बसतं. मराठीत ते जमत नाही, कारण आपलं नाव प्रत्यय लागला की रूप बदलतं. रिकाम्या जागेपुढे 'मध्ये' चिकटवलं की 'पुणेमध्ये' येतं. 'चा' चिकटवला की 'साताराचा'. आपण म्हणतो पुण्यात, साताऱ्याचा, सांगलीत, नाशिकचा. कोल्हापूरचं तर 'कोल्हापुरात' होताना दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. क्रियापदाचंही तेच. नोंद काढली, फोटो काढला, नाव काढलं. हटवलं या अर्थाने इंग्रजीत तिन्हींना 'रिमूव्ह्ड' हा एकच शब्द पुरतो, म्हणून इंग्रजीत विचार करणारी तिन्हींसाठी एकच वाक्य करते आणि मराठीत 'फोटो काढले गेले आहे' असलं काहीतरी उमटतं. मराठी आधी लिहायला बसलं की ही अडचण पहिल्याच दिवशी समोर येते आणि मांडणी बदलते: 'गाव: पुणे', खाली 'हवामान'. वाक्य लहान होतं, प्रत्यय टळतो, आणि गंमत म्हणजे तेच इंग्रजीतही नीट उतरतं. उलट्या बाजूने हे होत नाही.

'फोटो काढा'चा किस्सा तर मी विसरणार नाही. जनावरांच्या नोंदीच्या पानावर गाईचा फोटो असतो आणि त्याखाली तो हटवायचं बटण. इंग्रजी शब्दाचा अर्थ बघून मी त्यावर 'फोटो काढा' लिहिलं. बायका गाईसमोर फोन धरून ते बटण दाबायच्या, कॅमेरा उघडायचा नाही, आणि होता तो फोटोही जायचा. आपल्या भाषेत फोटो काढणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण मी तेव्हा मराठीत विचारच करत नव्हते, समोरचा इंग्रजी शब्द उलटवत होते. आता 'फोटो काढा' दाबलं की कॅमेरा उघडतो, आणि दुसऱ्या बटणावर 'डिलीट करा' लिहिलंय, कारण केंद्रावर सगळे तेच म्हणतात.

आकडे मात्र मी इंग्रजी ठेवले, त्यावरून दोघातिघांनी मला बोल लावला. कारण साधं आहे. फॅट मशीनवर आणि वजनकाट्यावर इंग्रजी आकडे उमटतात, आणि पावती त्यांच्याशी ताडून बघता आली पाहिजे. कोणी मराठी कीबोर्डवरून '१२' टाकलं तर तेही चालतं, पण त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. सर्व्हरवर चालणारी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा '१२'ला बारा म्हणून वाचते, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट वाचत नाही. पानाच्या सुरुवातीला, त्याची भाषा सांगणाऱ्या 'लँग'च्या जागी 'एमआर' लिहायलाही विसरू नये. तिथे 'एन' राहिलं तर दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाने वाचायला जातो, आणि मग ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एसएमएसचा खर्च मात्र खरोखरची अडचण आहे. इंग्रजी संदेशात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. त्यापुढे गेलं की दोन एसएमएसचे पैसे. संस्थेचे हजारभर सभासद, दिवसातून दोनदा दूध, म्हणजे हा खर्च खरा आहे आणि सेक्रेटरी तो बोलून दाखवतात. पण 70 अक्षरं कमी नाहीत. 'सकाळ 6.5 लि., फॅट 4.2, दर 36, ₹234' एवढंच सभासदाला हवं असतं. 'प्रिय ग्राहक, आपली नोंद यशस्वीरीत्या' हे सगळं इंग्रजीतून आलेलं ओझं होतं. ते काढलं आणि एका एसएमएसात सगळं मावलं.

मार्च 2022 मध्ये महाराष्ट्राने दुकानांच्या पाट्यांचा कायदा कडक केला. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2023 च्या सप्टेंबरात न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. मला ते योग्य वाटलं, आजही वाटतं. पण त्याच पाटीखाली काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की आत सगळं इंग्रजी. पाटीवर आपण अक्षराची उंची मोजली आणि व्यवहार जिथे होतो तो पडदा सोडून दिला. मला इथे कायदा नको आहे. ते बनवणारे बहुतेक आपणच मराठी मुलंमुली आहोत, आपल्याला एक ओळ बदलायला कायदा का लागावा?

माझा आग्रह मराठीसाठी आहेच, पण नियम त्याहून मोठा आहे. त्याच नियमाने कधीकधी मराठी मागे ठेवावी लागते. परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची नोंदणी मी केली होती. तिथे नावं भरत होती ती तिकडे जन्मलेली मुलं, घरी मराठी बोलणारी पण देवनागरी न वाचणारी. तिथे अडकणारा कोण? ती मुलं. पहिली भाषा इंग्रजी ठेवली आणि मंडळातल्या आजीआजोबांसाठी 'मराठी' हा शब्द मराठीत, वर ठळक. तंजावरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात आणि वाचतात तमिळ. बोलायची भाषा आणि वाचायची भाषा एकच असते असं धरून चालणं हा मोठा घोटाळा आहे.

गोव्यात तर एकच भाषा पहिली ठेवायचं धाडस मी करणार नाही. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही त्यात जागा आहे. घरी कोंकणी बोलून मराठी वर्तमानपत्र वाचणारी माणसं तिथे आहेत आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी वाचणारीही आहेत. तिथे पहिल्या पडद्यावर काहीच न ठरवता मोठी बटणं ठेवावीत, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. झेंडे नकोत, पृथ्वीच्या गोळ्याचं चित्रही नको. मराठीला झेंडा कुठला लावणार? आणि त्या गोळ्याचा अर्थ भाषा असा होतो हे आक्कांना कोणी सांगितलंय?

दूध संस्थेचं ॲप मराठीत उघडायला लागल्यावर मला भीती होती ती हिशेब तपासणाऱ्या सीएंची. त्यांना सगळं इंग्रजीत लागतं. त्यांनी ॲप उघडलं, वर कोपऱ्यात इंग्रजीचं बटण दाबलं, काम केलं आणि बंद केलं. मला हे महिनाभराने, सहज बोलता बोलता कळलं. त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

सध्या हातात सोलापूरच्या एका दवाखान्याचं नंबर लावायचं काम आहे. पूर्व भागातले पेशंट, घरात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं बरीच, काही कन्नड, काही उर्दू. डॉक्टर म्हणाले मराठी ठेवा, सगळ्यांना येतं. येत असेलही. पण शाळेत मराठी शिकलेला मुलगा आणि कधीच शाळेत न गेलेली त्याची आई, यांना एकाच मापाने 'येतं' म्हणता येत नाही. म्हणून मी काउंटरवरच्या ताईंना एक वही दिली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "तुम्ही वाचता कशात?" आणि रेघ मारायची. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी, इंग्रजी, आणि शेवटचा रकाना, वाचता येत नाही. सोमवारपासून आठ दिवस. शेवटच्या रकान्यात जास्त रेघा आल्या, तर भाषेच्या बटणाआधी आवाजाचं बटण करावं लागेल.